पालथ्याचा सल्ला

"पैसा घरात ठेवला तर उंदराचा, उशाखाली ठेवला तर चोराचा आणि पोस्टात ठेवला तर तुमचा! समजलं का कमलबाई?"

चिंचगव्हाणच्या पोस्टाच्या खिडकीतून अंबादासपंत हे वाक्य इतक्या वेळा बोलले होते की आता ते बोलताना त्यांना विचार करावा लागत नसे. मुरुमच्या बाजारापासून आडबाजूला पडलेलं हे गाव. निजामाचा हाली सिक्का गेला आणि सरकारी कलदार रुपया आला, त्याची सवय होते न होते तोच आण्यांचे नवे पैसे झाले. त्यामुळं गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा कागदावर तर नाहीच, धातूवरही भरवसा उरला नव्हता. अशा गावाला पोस्टात पैसे ठेवायला लावायचं म्हणजे मांजराला उपास शिकवण्यासारखं होतं. अंबादासपंतांनी ते करून दाखवलं होतं, कारण माणूस सरळ होता आणि मास्तर खोटं बोलत नाहीत अशी गावाची खात्री होती.

कमलबाई शेळ्या राखायची, कोंबड्या पाळायची आणि गावात कुणाच्या घरी काय शिजलं ते दुसऱ्या घरी पोचवायची. तिनं कमरेची पिशवी घट्ट धरून विचारलं, "आन व्याज काय देताव?"

"शेकडा अडीच."

"म्हैन्याला?"

"वर्षाला, बाई."

कमलबाईनं त्यांच्याकडं दुखणाईत माणसाकडं बघावं तसं बघितलं. "वरसाला अडीच? मास्तर, माजी कोंबडी ह्येच्यापरीस जास्त देती."

तरी तिनं पैसे भरले. पण जाताना ती कोंबडी अंबादासपंतांच्या डोक्यात सोडून गेली, आणि ती काही केल्या बाहेर जाईना. कारण असं की त्यांच्याजवळही हजारभर रुपये साठले होते. जन्मभराच्या काटकसरीचे. एकुलती एक मुलगी शामला, तिचं लग्न तुळजापूरच्या कोर्टातल्या एका कारकुनाशी ठरत आलं होतं आणि तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा होता. मुलाकडच्यांनी हुंडा नको म्हटलं होतं. "मुलीच्या अंगावर काय घालायचं ते तुमच्या मनानं घाला," एवढंच मुलाचे वडील आण्णासाहेब म्हणाले होते. हे वाक्य हुंड्यापेक्षा महाग पडतं, हे ज्यानं मुलगी उजवली त्याला सांगायला नको.

घरी अनसूयाबाईंचं एकच म्हणणं होतं. "अहो, सोनं घ्या. आज घेतलेलं सोनं उद्या उतरायचं नाही. तुमचं ते पोस्टाचं व्याज आलं तर मांडवाचे वासेसुद्धा यायचे नाहीत."

"आणि गाव काय म्हणेल? पोस्टमास्तर लोकांना म्हणायलाय पोस्टात ठेवा आणि स्वतः सोनाराकडं जायलाय? मी शब्दाचा माणूस आहे. पैसा पोस्टातच जाईल."

"शब्दानं काय बांगड्या होत्यात का?"

"अनसूये, विषय संपला."

विषय संपला नव्हता. तोंडानं पंत पोस्ट म्हणत होते, पण आत कोंबडी बसली होती. मुरुमचे आडते शेकडा नऊ देत, पण मागच्याच साली त्यांतल्या एकानं दुकानाला कुलूप लावून पंढरपुराकडं तोंड केलं होतं. जमीन घ्यावी तर हजारात बांधसुद्धा येत नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान अशी आपली गत होते आहे, हे त्यांना कळत होतं आणि कळून त्याचा काही उपयोग होत नव्हता.

शेवटी त्यांनी विरुपाक्षाला विचारलं. विरुपाक्ष हा गावातला बऱ्यापैकी शेतकरी, पंतांचा एकुलता एक जिवाभावाचा मित्र आणि पोटात गोष्ट ठेवणारा माणूस. तो म्हणाला, "मास्तर, चैतात ज्वारी घ्यावी, भुईतल्या पेवात घालावी आन श्रावण-भादव्यात काढावी. दर दीडपट तरी हुतोच. माळावर माजं पेव मोकळं हाय."

"पण माझं नाव कुठं यायला नको. बायकोलाही मी पोस्ट म्हणूनच सांगणार आहे. आणि हे बघ, पोस्टात येऊन ज्वारीचा शब्द काढायचा नाही. कुणाच्या हाती निरोपसुद्धा धाडायचा नाही."

"न्हाय काढत. माज्या नावानं खरेदी करू. झालं?"

असं झालं, आणि गावात सर्वांत जास्त पोस्टाची तारीफ करणाऱ्या माणसाचा पैसा जमिनीखाली गेला.

पेवांचा माळ गावापासून जरा लांब, ओढ्याच्या काठावर होता. उघडी, तांबूस मुरमाड जमीन आणि तिच्यात पूर्वजांनी खणलेली पेवं. वरून तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मात्र खोलीएवढं पोकळ पोट. अर्धी पेवं पडीक होती. चालताना पायाखाली जमीन मधेच पोकळ वाजायची आणि मग पाऊल आपोआप हलकं पडायचं. एका कडुलिंबाशिवाय तिथं झाड नव्हतं आणि त्या कडुलिंबावर पाखरू बसलेलं कुणी बघितलं नव्हतं.

धोंडीबानं पेवाला आतून कडबा लावला, ज्वारी ओतली आणि तोंडावर शिळा ठेवून वरून चिखल थापला. हे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घरात होतं. ज्वारी विरुपाक्षाची आहे असंच त्याला माहीत होतं. काम करता करता तो सांगत होता, "मालक, हितं संबाळून. माज्या आज्याच्या वक्ताला दुस्काळात एक हमाल पेवात उतरला. ज्वारी घसरली, त्यो खाली गेला. वर कुणाला पत्त्या न्हाय. धन्यानं घाईघाईनं तोंड बंद केलं. पुढच्या साली उघडलं तवा सापडला. पालथा पडल्याला. भुईला तोंड लावून."

धोंडीबा गेल्यावर विरुपाक्ष म्हणाला, "मास्तर, आता ओल्या चिखलावर तुमचा पंजा उठवा."

"माझा? अरे, गुप्त ठेवायचं आहे ना सगळं?"

"पंज्यावर काय नाव लिवल्यालं अस्तंय? ज्येचं धान्य त्येचा पंजा. न्हायतर राखण बसत न्हाय."

"कसली राखण?"

"ते आपल्याला काय करायचं? बसती एवढं खरं."

अंबादासपंत इंग्रजीत चार ओळी वाचणारे, सही करणारे गृहस्थ. ते हसले. पण हसता हसता त्यांनी उजवा पंजा ओल्या चिखलात रुतवला. चिखल उन्हानं तापलेला असायला हवा होता, तो गार लागला.

पोस्टात पैसा ठेवला की पासबुक मिळतं, ते उघडून बघता येतं. पेवाचं तसं काही नाही. पंतांना करमेना. विरुपाक्षानं सांगितलं होतं की आत ओल शिरली तर ज्वारी तापते आणि भुईला कान लावला तर घुमल्यासारखा आवाज येतो. झालं. रोज दिवस मावळताना पंत तांब्या घेऊन बाहेर पडायचे. संध्याकाळी तांब्या घेऊन माळाकडं निघालेल्या माणसाला कुणी कुठं चाललात म्हणून विचारत नाही. माळावर पोचले की इकडं तिकडं बघून, उपरणं डोक्यावरून घेऊन ते पेवाच्या तोंडाशी पालथे पडायचे आणि कान लावायचे. घुमत काही नसायचं. मग मनातला हिशोब ओठांवर यायचा. "शेकडा अडीच! काय होतंय अडीचनं? थांब. श्रावणापर्यंत थांब. हलू नको." हे ते ज्वारीला सांगायचे की स्वतःला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण बोलून झालं की जीव हलका व्हायचा आणि रात्री जेवण जायचं.

जेठ महिना सरत असताना एक दिवस कमलबाई खिडकीशी आली. पैसे भरायचे नव्हते, काढायचेही नव्हते.

"मास्तर, पेवाच्या माळाकडं जाऊ नगा हं."

पंतांच्या हातातला टाक थांबला. "का?"

"म्या सवता डोळ्यानं बगितलं. शेळी हुडकत गेल्ते. पांडरं धोतर, पांडरं डोसकं, भुईवर पालथं पडलंय आन भुईसंगट बोलायलंय! म्या धोंडीबाला सांगितलं. त्यो म्हणला, त्योच त्यो. आज्याच्या वक्ताचा हमाल."

अंबादासपंतांना हसू आवरेना, म्हणून त्यांना खोकला आला. मग लगेच दुसरा विचार आला. भुतानं राखलेल्या पेवाला चोर हात लावणार नाही. म्हणजे राखणदार मिळाला, तोही बिनपगारी. ते गंभीर चेहरा करून म्हणाले, "मीही ऐकलंय तसं काही. आपण त्या बाजूला जाऊच नये, बाई."

मास्तर खोटं बोलत नाहीत. तेव्हा दिवस मावळायच्या आत सगळ्या गावाला खात्रीची बातमी लागली. भुताला नावही मिळालं, पालथ्या. धोंडीबा लांबून बघून आला आणि त्यानं सांगितलं की पेवाच्या चिखलावर पंजा उमटला आहे आणि त्याला सहा बोटं आहेत. पंतांनी त्या संध्याकाळी जाऊन पाहिलं. चिखल वाळून करंगळीच्या बाजूला एक तडा गेला होता, बाकी काही नाही. पण तो तडा इतका नीट, इतका पेरापेरानं गेला होता की पंतांनी आपल्या हाताची बोटं एकदा मोजली.

आषाढात आण्णासाहेबांचं बोलावणं आलं म्हणून पंत लग्नाची बोलणी पक्की करायला तुळजापूरला गेले. बोलणी झाली, साखर वाटली, भवानीचं दर्शन झालं. मुक्काम पडला. परत येऊन पोस्ट उघडतात तो खिडकीसमोर रांग. पंतांना वाटलं, आपण नसताना लोकांची गैरसोय झाली. पुढं कमलबाई.

"माजं पैसं काढून द्या मास्तर. समदं."

"का? काही अडचण आहे का?"

"अडचण न्हाय. पालथ्यानं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"अडीचनं काय हुतंय, म्हणला. पोस्टाचंच हाय न्हवं ते अडीच? आमी समदे कडुलिंबामागं उबा हुताव. साऱ्यांनी आयकलं."

पंतांचे कान तापले. शब्द आपलेच आहेत. आता हे निस्तरायचं कसं? "हे... कधी ऐकलंत तुम्ही?"

"परवा सांजच्याला."

"परवा?"

"व्हय. परवा आन काल बी."

परवा सांजच्याला अंबादासपंत तुळजापुरात आण्णासाहेबांच्या ओसरीवर बसून पोहे खात होते. काल सांजच्याला ते एसटीच्या खिडकीतून परतीचा रस्ता बघत होते.

"आणखी काही म्हणाला का?" त्यांनी विचारलं. आवाज आपला वाटत नव्हता.

"म्हणला की. थांब, हलू नगं, म्हणला. आन शेवटाला म्हणला, ज्येचं हाय त्येनं येऊन घ्यावं."

पहिले शब्द पंतांचे होते. शेवटचे त्यांनी कधीच उच्चारले नव्हते.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण इथं तर ब्रह्मराक्षस आधी निघाला होता आणि भिणारा मागून पोचला होता. पंत माळावर जायचे बंद झाले. पण तिकडं भीती आणि इकडं शामलाचं लग्न, अशा ओढाताणीत माणूस किती दिवस टिकणार? रोज मनाला वाटायचं, पावसाचे दिवस आहेत, ओढा भरला असेल, ज्वारी घुमत असेल आणि ऐकायला कोणी नाही. एका संध्याकाळी त्यांनी हिय्या केला. जवळ जायचं नाही, कडुलिंबाआडून नुसतं बघून यायचं.

पाऊस नुकताच उघडला होता. ढग खाली आले होते आणि माळावर उजेड होता की नव्हता ते कळत नव्हतं. पेवाच्या तोंडाशी कुणीतरी पालथं पडलं होतं. पांढरं धोतर, डोक्यावरून पांढरं उपरणं. पंतांनी मनाची समजूत घातली की सल्ला विचारायला आलेला गावातलाच कोणी असेल. हल्ली येत होतेच लोक. पण त्या माणसाचा उजवा हात पुढं पसरला होता, बरोबर चिखलातल्या पंजावर ठेवलेला. आणि तो कान लावून ऐकत नव्हता. तो तोंड लावून बोलत होता, पंतांच्या लकबीनं, मधेच थांबून, मधेच मान हलवून. आपल्याला आपण पाठमोरं कधी बघत नाही. पण पंतांना ओळख पटली.

ते घरी कसे आले ते त्यांना आठवत नव्हतं. ताप भरला. अनसूयाबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या, दृष्ट काढली आणि भेटायला येणाऱ्याला दारातूनच वाटेला लावलं. विरुपाक्ष दोनदा आला, दोनदा परत गेला. "काय निरोप असंल तर सांगा," असं अनसूयाबाई म्हणाल्या, तर तो म्हणाला, "निरोप न्हाय द्यायचा. मास्तरांनीच सांगितलंय."

ताप उतरून पंत खुर्चीवर बसले तेव्हा पोस्टाची दशा बघवत नव्हती. काढणाऱ्यांची रांग संपत नव्हती. पोस्टाच्या तिजोरीतली रोकड केव्हाच आटली होती आणि रोज मुरुमहून मागवावी लागत होती. वरून विचारणा आली होती की आपल्या गावात असं काय घडलं? याला काय उत्तर लिहावं? भुतानं सांगितलं असं लिहिलं तर नोकरी जाईल, आणि भूत म्हणजे मीच असं लिहिलं तर अब्रूही जाईल. नोकरी गेलेल्या माणसाची मुलगी आण्णासाहेब करून घेतील का? पंतांना रडू आलं. आयुष्यात एकदा व्याजाचा मोह धरला, तर मुद्दल म्हणून मुलीचं लग्नच टांगणीला लागलं.

मार्ग एकच दिसत होता. ज्यानं सल्ला दिला त्यानंच तो फिरवायला हवा. पालथ्यानं सांगितलं पाहिजे की पोस्टात ठेवा.

त्या संध्याकाळी देवाचं नाव घेत ते माळावर गेले. पेवाजवळ कोणी नव्हतं. कडुलिंबामागं मात्र माणसं दबा धरून उभी असणार हे त्यांना ठाऊक होतं, कमलबाईच्या खोकल्याचा आवाज ओळखीचा होता. उपरणं डोक्यावरून ओढून ते पालथे पडले. भुई ओली होती. कान लावायचा नाही असं ठरवून आले होते, पण सवयीनं लागलाच. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आतून काहीतरी ऐकू आलं. घुमणं नव्हे. सरकणं. ज्वारीतून कोणीतरी हळूहळू सरकत होतं.

पंतांना उठून पळावंसं वाटलं. पण शामलाचा चेहरा डोळ्यांपुढं आणून त्यांनी घसा साफ केला आणि कडुलिंबाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पैसा पोस्टात ठेवा! पोस्टासारखी जागा नाही! घरात ठेवला तर उंदराचा, उशाखाली ठेवला तर चोराचा..."

आतलं सरकणं थांबलं. मग शिळेखालून, भुईच्या पोटातून, जाड आणि ओला आवाज आला.

"आन तुमचा कुठं ठिवलाव?"

तांब्या तिथंच राहिला, वहाणा तिथंच राहिल्या. पंत घरी पोचले ते थेट गोधडीत. अनसूयाबाई रात्रभर त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसून होत्या. कुठं गेला होतात म्हणून त्यांनी विचारलं नाही, एवढे त्यांचे उपकार.

सकाळी खिडकी उघडली तर समोर कमलबाई, मागं निम्मं गाव. आज मात्र कुणी पैसे काढायची घाई करत नव्हतं, कारण गावापुढं नवाच पेच उभा राहिला होता.

"मास्तर, आता माळावर दोन झालेत! वरचा म्हणतुया पोस्टात ठिवा. खालचा त्येला इचारतुया, तुमचा कुठं हाय? आन वरचा पळून गेला की! आता आमी कुणाचं आयकावं?"

"पळून गेला त्यो खोटा असणार," मागून धोंडीबा म्हणाला.

"आरं, पर पळाला म्हणजी जित्ता असंल का त्यो?"

यावर रांगेत बराच खल झाला. पंत खाली मान घालून कोरी पावती पुन्हा पुन्हा टिपकागदानं टिपत होते. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि विरुपाक्ष आत आला. हातात उपरण्यात बांधलेलं गाठोडं होतं. ते त्यानं खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, ह्ये पोस्टात भरायचंय. समदं. शामलाच्या नावानं."

विरुपाक्षासारखा माणूस एवढी रक्कम पोस्टात भरतो, तीही मास्तरच्या लेकीच्या नावानं, म्हणजे हा लग्नाचा आहेर असणार आणि पोस्ट पक्कं असणार. दोन भुतांच्या भांडणापेक्षा हे समजायला सोपं होतं. कमलबाईनं आपली पिशवी परत कमरेला खोचली, मग काढली, आणि म्हणाली, "माजं बी परत घ्या मास्तर. कोंबडीला काय, मुंगूस खाऊन जातंय." तिच्यामागून एकेक जण भरत गेला. दुपारपर्यंत तिजोरी पहिल्यासारखी झाली.

सगळे गेल्यावर विरुपाक्षानं खिडकीत तोंड घातलं आणि हलक्या आवाजात सांगायला सुरुवात केली. "मास्तर, वड्याकडनं पेवाला वल लागली हुती. ज्वारी तापायली हुती. तुमी बिमार. निरोप द्यायचा न्हाय म्हणून तुमचीच ताकीद. धोंडीबाला म्हणलं तोंड उघड, तर त्यो माळावर पाय ठिवंना, पालथ्या हाय म्हणून. मग म्या काय करू? वड्याच्या अंगानं बोगदा पाडला. हवा खेळू दिली, दिवा धरून बगितला, इझंना तवा आत शिरलो. ह्या हप्त्यात समदी ज्वारी काढली, वाळवली, मुरुमच्या बाजारात घातली. काल निस्ती तळाची थोडी राहिल्ती, ती काढायलो हुतो."

"म्हणजे काल आतून बोललास तो तू?"

"मग कोन? तुमी वर पोस्टाचं कीर्तन लावलाव, मला हासू आवरंना!"

अंबादासपंतही हसले. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा पोटातून हसले. डोळ्यांना पाणी आलं. दर दीडपट नव्हता मिळाला, पण मुद्दल सुटून वर चांगले पैसे आले होते. शामलाच्या अंगावर मनासारखं घालता येणार होतं. भूत नव्हतं, विरुपाक्ष होता. तो माळ, तो ताप, ते सगळं आता गोष्टीसारखं सांगण्याजोगं झालं होतं. त्यांनी नवं पासबुक पुढं ओढलं आणि ठसठशीत अक्षरात शामलाचं नाव घातलं.

"पण मित्रा, रक्कम माझी, ती तू माझ्या नावानंही भरू शकला असतास. तिच्या नावाचं बरं सुचलं तुला."

"मला कुठं सुचतंय? तुमीच सांगितलाव की."

"मी? कधी?"

"काल. पळून गेल्यावर परत आलाव न्हवं का तुमी? म्या आतच हुतो. वर लई वेळ पडून हुताव. गावची माणसं तवा गेल्ती. आदी मला वाटलं बोलायलाव, मग कळालं, रडायलाव. म्हणून म्या खालून म्हणलं, मास्तर, उगी रडू नगा, उद्या सकाळी पोस्टात भरतो, तुमच्या नावानं. तर तुमी म्हणलाव, माज्या न्हाय, लेकीच्या नावानं. तिचंच हाय." विरुपाक्षानं मान हलवली. "माजाच जीव गलबलला. म्हणून इचारायलो, आता बरं हाय न्हवं तुमाला?"

काल माळावरून पळाल्यानंतर अंबादासपंत गोधडीतून हलले नव्हते. अनसूयाबाईंचा हात सकाळपर्यंत त्यांच्या कपाळावर होता.

विरुपाक्ष त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याचं हसू हळूहळू मावळलं. "का वो मास्तर? तुमी न्हवताव व्हय?"

बाहेर ऊन पडलं होतं. पोस्टाच्या ओट्यावर कमलबाई कुणाला तरी दोन भुतांचं भांडण सांगत होती. पासबुकावर शामलाच्या नावाची शाई अजून ओली होती. अंबादासपंतांनी त्या नावाकडं बराच वेळ बघितलं.

"मीच होतो," ते म्हणाले, आणि त्यांनी शिक्का उचलला.